घंटा थांबली, त्यानंतरचं वाक्य

४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र भावोजी तुला वाचून दाखवतील असं मी धरून चालले आहे. भावोजी, एक विनंती. पाकीट फोडल्यावर आधी मनातल्या मनात वाचू नका, सरळ मोठ्यांदा सुरू करा. आधी मनात वाचलं की माणूस ठरवायला लागतो, कुठलं वाक्य सांगायचं आणि कुठलं गिळायचं. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आठ महिने झाले. मी फोन केला की भावोजी उचलतात, खाकरतात आणि म्हणतात, "ती जरा झोपली आहे." मागून तुझा आवाज येतो, "झोपले नाहीये म्हणावं. बोलायचं नाहीये." माझ्यासाठी खोटं बोलायचीसुद्धा तुझी तयारी नाही. बरोबरच आहे. खोटं बोलणं या घरात मीच करून ठेवलंय, पुष्कळ पुरेल इतकं.

त्या शनिवारी मी तिथे नव्हते. जे कळलं ते भावोजींकडून, तुकड्यातुकड्यांनी. वाचनालयातल्या त्या मंडळात तू पहिल्यांदाच गेली होतीस. मोठी, कामाधंद्याची माणसं, आणि सगळी सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्या वाचणारी. धुक्याच्या देशाची सातही पुस्तकं त्यांची पाठ. तू सहावं नुकतंच संपवलं होतंस, माझ्या आवाजात. तुझी पाळी आली तेव्हा तू म्हणालीस, "मला सगळ्यांत आवडते ती भिंगरी. सहाव्या भागात ती त्या राजाला म्हणते ना, की तुमचा मुकुट डोक्याला मोठा होतोय, आत कापूस घाला, तिथे मी इतकी हसले!"

 मग ते दातांचे डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "अहो, पण भिंगरी तिसऱ्या भागातच जाते."

"जाते म्हणजे? कुठे जाते?" तू विचारलंस.

ताई, हे तुझं वाक्य मला दिवसातून चार वेळा ऐकू येतं. पाणी भरताना, जिना चढताना. कुठे जाते.

दुसऱ्या दिवशी भावोजी दारात उभे राहिले. हातात पिशवी, पिशवीत मी तुला दिलेलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र, त्यात सहाशे बारा मुद्रणं. यंत्राच्या पाठीवर चिकटपट्टी, त्यावर त्यांच्या सुरेख अक्षरात, तू सांगितलेला एकच शब्द. "खोटं." भावोजी तिथेसुद्धा अनुस्वार विसरले नव्हते.

मी आज माफी मागत नाहीये. ती मी फोनवर मागितली होती, बंद झालेल्या फोनवर. आज एवढंच सांगते की मी रोज लिहायला बसते आणि रोज उठते. आज उठले नाही.

तुझी,
धाकटी

१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. तेवढ्यावर हे दुसरं.

सुरुवात तूच केली होतीस, आठवतंय? ठकूला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. सोळा वर्षांची पोर, चार दिवसांच्या तापात गेली. त्याच वर्षात काचबिंदूने तुझी उरलीसुरली नजर नेली. भावोजींचं चष्म्याचं दुकान, आणि तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, "यांच्या दुकानात हजार चष्मे आहेत हो, माझ्या नाकाला बसेल असा एक नाही." लोकांना हसावं की रडावं कळायचं नाही. तुलाच हसू यायचं.

मग एक दिवस तू ठकूच्या खोलीत, जमिनीवर बसलेली होतीस. पुढ्यात ती सहा जाडजूड पुस्तकं. सातवं तेव्हा यायचं होतं. एकेकाच्या पानांवरून तू अंगठा फिरवत होतीस. म्हणालीस, "धाकटे, हिने कोपरे दुमडलेत बघ. हिच्या मागे लागायचे मी, पुस्तकांचे कान पिळू नकोस म्हणून. आता त्या कानांवरूनच कळतंय, कुठे कुठे थांबली होती." थोड्या वेळाने म्हणालीस, "एकच पान ऐक ना आई, म्हणायची. मी म्हणायचे, भुताखेतांचं मला नको सांगूस, अभ्यासाचं सांग. धाकटे, मला हे वाचून दाखवशील? ती जिथून जिथून गेली तिथून मला जायचंय."

मी हो म्हणाले. माझा तर तो पोटापाण्याचा धंदा. वाचनालयाच्या श्राव्य विभागात वीस वर्षं मी अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करते. आमच्याकडे वाचणाऱ्याला नियम एकच, छापलं आहे ते वाचायचं. शब्द घालायचा नाही, गाळायचा नाही, छपाईची चूक असली तरी चुकीसकट. अडखळलं तर वाक्य पहिल्यापासून. आमचे तपासनीस काका नंतर पुस्तक हातात धरून सगळं ऐकतात आणि नव्या मुलींना सांगतात, "तुमचा खोकला पुसा. पुस्तकातला खोकला पुसू नका." वीस वर्षांत त्यांनी माझं एक वाक्यही परत केलं नव्हतं.

तुझ्यासाठीचं वाचन मात्र घरचं होतं. कपाटाचं दार उघडायचं, गोधड्यांमध्ये डोकं घालायचं म्हणजे आवाज घुमत नाही, आणि वाचायचं. रोज वीस मिनिटं. तिथे तपासनीस नव्हता.

पहिल्या भागात मी जरा नाक मुरडूनच वाचत होते. तूही. फोनवर म्हणायचीस, "अगं, हे काय! आईबाप दहाव्या पानावर मेलेसुद्धा!" मी म्हटलं, "मरावेच लागतात ताई. नाहीतर मुलांना घराबाहेर कोण सोडणार?"  मग म्हणालीस, "आमच्या पुस्तकात उलटं झालं."

पण दुसऱ्या भागापासून तुझे फोन बदलले. "आज वीस मिनिटंच का?" "तो लबाड शिक्षक खरंच त्यांच्या बाजूचा आहे का? नको सांगूस. सांग." एकदा म्हणालीस, "पन्नाशीची बाई मी, गॅसवर दूध उतू गेलं, आणि मी विचार करत होते, ही पोरं उद्या नदी कशी ओलांडणार."

हे असं का होतं यावर त्या मंडळातल्या लोकांची मतं भावोजींनी मला सांगितली. लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणतात, दिवसभर माणसांना वर-खाली नेतो, इथे कोणीतरी मला नेतं. शिवणवर्ग चालवणाऱ्या बाई पुस्तकाला कागदाचं कव्हर घालून बसमध्ये वाचतात, कारण एकदा शेजारचीने विचारलं होतं, "मुलीचं का?" दातांचे डॉक्टर म्हणतात, माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस उशिरा आलेला असतो, या पुस्तकांत अजून उशीर झालेला नसतो.

मला त्यांचं पटतं. मोठ्यांच्या कादंबरीत माणूस पहिल्या पानावर येतो तेव्हाच त्याचं निम्मं काही होऊन गेलेलं असतं, आणि उरलेल्या पानांत तो त्याच्याशी जुळवून घेतो. आपण घरी दुसरं काय करतो? या पोरांना मात्र सगळं पहिल्यांदाच होतं. पहिली मैत्री, पहिला दगा. ती चुकतात आणि चुकीपर्यंत परत चालत जाऊन ती दुरुस्त करून येतात. आणि कोणी मेलं तर कशासाठी मेलं ते छापलेलं असतं. ताप आला आणि गेली, असं तिथे होत नाही.

तरी मी त्या मरणापाशी थांबले. ते पुढच्या पत्रात. आज हात दुखतोय, असं लिहिणार होते. हात दुखत नाहीये.

धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई,

तिसऱ्या भागाचं शेवटून दुसरं प्रकरण. सगळी पोरं धुक्यात हरवली आहेत. वाट सापडायची तर एकच उपाय, मनोऱ्यावर जाऊन कोणीतरी घंटा वाजवत राहायचं, म्हणजे बाकीचे आवाजाकडे पाठ करून बाहेर पडतील. वाजवणारा मात्र धुक्यातच राहील. भिंगरी जाते. सगळ्यांत लहान, सगळ्यांत वटवटी, जिला कोणी गंभीरपणे घेत नाही, ती. अकरा पानं ती घंटा वाजते. एकेक जण बाहेर येतो. शेवटी नायिका बाहेर येते, मागे वळते. आणि छापलेलं आहे, "घंटा थांबली." प्रकरण तिथे संपतं.

मी गोधड्यांत डोकं घालून वाचत होते. माझा आवाज म्हणाला, "घंटा थांबली." आणि न थांबता पुढे म्हणाला, "आणि थोड्या वेळाने धुक्यातून धापा टाकत भिंगरी आली. म्हणाली, माझ्यासाठी कोणी थांबलं होतं का, की मीच मूर्ख?"

एक श्वास मध्ये होता. तो मुद्रणात ऐकू येतो. तेवढ्यात ठरलं.

तू फोन केलास तेव्हा रडत होतीस. "हुश्श," म्हणालीस. "मला वाटलं गेली पोरगी." मी म्हटलं, "छे."

मग काय, तिला पुढे न्यावी लागली. तू कधी विचार केलास का, केवढं काम होतं ते? चौथ्या भागात सहा जण बोटीत बसतात, मी म्हटलं सात. जेवायला बसतात तिथे तिला बसवली. पाचव्या भागात सगळे मिळून तिच्या आठवणीत एक झाड लावतात. आता हिच्या देखत हिच्या आठवणीत झाड कसं लावणार? मी ते झाड उगीचच लावलं. तू म्हणालीस, "या झाडाचं पुढे काही होणार दिसतंय." मी म्हटलं, "बघू." आणि भिंगरीला म्हणायला लावलं, "झाडं लावण्यापेक्षा सरबत करा, घसा सुकलाय." तू खो खो हसलीस.

सुरुवातीला मी वाक्यं आधी कागदावर लिहून ठेवत होते. नंतर कागद लागेना. तोंडात यायची. सहाव्या भागात तर मला भीती वाटायला लागली. मूळ पुस्तकातच नायिका काहीतरी सांगायला शेजारी मान वळवते, आणि शेजारी कोणी नसतं. मग गप्प होते. असं चारदा आहे. त्या चारही ठिकाणी माझं वाक्य असं बसलं, जणू छापणाऱ्याने जागा सोडून ठेवली होती. मी काही घुसवत नव्हते ताई. तिथे भोकं होती आणि ती भरत होती.

आणि एक गोष्ट तुला कोणीच सांगितलेली नाही. तू बोलणं टाकलंस त्यानंतर दोन महिन्यांनी काकांनी मला बोलावलं. मी मधमाश्या पाळण्याचं एक पुस्तक मुद्रित केलं होतं, अगदी कोरडं, पेट्यांची मापं वगैरे. काका म्हणाले, "बाई, पान चौऱ्याहत्तर. ऐका." यंत्रातून माझा आवाज, "पेटी उघडताना हालचाल सावकाश असावी, म्हणजे माश्यांना धोका वाटत नाही." आणि लगेच, जरा वरच्या पट्टीत, "पण हे माश्यांना सांगितलंय का कोणी?"

काकांनी चष्मा काढला. "हे पुस्तकात नाही."

"माहीत आहे."

"मग?"

 आवाज माझाच आहे. ते म्हटल्याचं मला आठवत नाही. काकांनी ते पुसलं आणि वहीत माझ्या नावापुढे काही लिहिलं नाही. वीस वर्षांची पत म्हणून. जाताना म्हणाले, "वाक्य चांगलं होतं मात्र. कोणाचं?"

मी म्हटलं, "भाचीचं."

धाकटी

१४ मार्च

ताई,

भावोजी कालच्या फोनवर म्हणाले, "वाचतोय हो, सगळं वाचतोय. ती काही बोलत नाही, पण उठूनही जात नाही." म्हणून पुढचं.

तुला वाटत असेल, आंधळ्या बहिणीची दया आली म्हणून हिने खोटं वाचलं. मीही स्वतःला तेच सांगितलं होतं, पुष्कळ दिवस. तुझं लेकरू गेलेलं, तुझ्यापुढे आणखी एक कसं मारू? असं छान वाक्य मी तयार ठेवलं होतं.

पण ठकूने ते पान वाचलं त्या दिवशी मला फोन केला होता. जायच्या तीन-चार महिने आधी. मी कामावर होते. "मावशी," म्हणाली आणि पुढे नुसते हुंदके. मला वाटलं घरात काही झालं. "काय झालं? आई बरी आहे ना?" तर म्हणाली, "भिंगरी मेली."

"कोण भिंगरी?"

मग तिने मला सगळं सांगितलं, घंटा, धुकं, अकरा पानं. नाक ओढत. मी घड्याळाकडे बघत होते. शेवटी म्हणाली, "तिला मारायची काही गरज नव्हती. तू असतीस लिहिणारी, तर मारलं असतंस?"

मी म्हटलं, "छे गं. मी कशाला मारीन?"

"शपथ?"

"शपथ."

ती हसली. म्हणाली, "मावशी, तू फार वाईट लेखिका झाली असतीस." आणि ठेवला फोन. तुला का नाही सांगितलं, मला का फोन केला, ते मला माहीत नाही.

तर ती शपथ अशी होती. घड्याळाकडे बघत घेतलेली. गोधड्यांत मी त्या ओळीवर आले तेव्हा मला तू आठवली नाहीस, ताई. मला ते "शपथ?" ऐकू आलं.

आणि त्याहून खरं असं की ते वाक्य म्हटल्यावर मला फार बरं वाटलं. त्यानंतरचं सगळं वर्ष मला बरं वाटत होतं. ठकू गेल्यावर तिचा आवाज मला आठवेना झाला होता, चेहरा दिसायचा आणि आवाज नाही, आणि माझं तर सगळं आयुष्य कानांवर. भिंगरीला बोलती केली आणि तो आवाज परत आला. माझ्याच तोंडात. रोज वीस मिनिटं ती यायची, वटवट करायची, जायची. तुला फसवलं ते तुझ्यासाठी नव्हे. मला तिला सोडायचं नव्हतं. तू फक्त ऐकायला होतीस.

भावोजी, हे गाळू नका.

धाकटी

२ एप्रिल

सौ. मेहुणीबाईंस,

ही सांगते तसं लिहितो आहे. माझं काही नाही.

ती म्हणते: तुझी चारही पत्रं मिळाली. चौथ्यात यांनी एक ओळ गाळली, "तू फक्त ऐकायला होतीस" ही. यांचा श्वास अडखळला म्हणून मला कळलं. मी म्हटलं, परत वाचा. तेव्हा वाचली. (हे खरं आहे. मला वाटलं, तिला लागेल. लागलं.)

ती म्हणते: मेली म्हणून सांगितलं असतंस तर मी रडले असते आणि दुसऱ्या दिवशी पुढचं ऐकलं असतं. मी काय बाहुली आहे का, फुटेन म्हणून कपाटात ठेवायला? मी तिच्या मागून चालत होते गं. तिची पावलं बघत बघत. आणि तू मधेच वाट फिरवलीस. मी तीन भाग चालले आणि ती तिथे कुठेच नव्हती. ती कुठे रडली ते तुला माहीत होतं, तुला! आणि तू मला तिथून हात धरून बाजूला नेलंस आणि विनोद सांगितलेस.

(इथे ती थांबली. मी चहा केला.)

ती म्हणते: मला ते पान पाहिजे. यंत्रात नको. इथे येऊन वाच, माझ्यासमोर. छापलं आहे तसं. एक शब्द इकडचा तिकडे केलास तर मला कळेल. कसं ते विचारू नकोस. कळेल. आणि यांनी त्या दिवशी दुकानात जावं. (हे मला ऐकू जावं म्हणून मोठ्यांदा म्हणाली. मी समोरच बसलो आहे.)

ती म्हणते: माफबिफ काही केलेलं नाही, असं तिला कळव.

मधमाश्यांच्या तिथे ती हसली होती. हे लिहू नका म्हणते, पण लिहितो.

आपला,
भावोजी

८ एप्रिल

ताई,

येते. गुरुवारी दुपारी.

आठवडाभर मी ती अकरा पानं कामावरून आल्यावर मोठ्यांदा वाचते आहे. सराव म्हणून. वीस वर्षांत कुठल्या पुस्तकाचा सराव केला नव्हता. दहा पानं नीट जातात. अकराव्याच्या तळाशी ते दोन शब्द म्हणते आणि तोंड मिटत नाही. पुढचं वाक्य जिभेवर येऊन उभं असतं, अगदी दारात आल्यासारखं. मी ओठ दाबून धरते. मग खोलीत असं वाटतं, की कोणाला तरी बाहेर ठेवून आपण कडी घातली.

सोमवारी काकांना विचारलं, छापलेलं नाही ते तोंडातून येत असेल तर काय करावं? ते म्हणाले, "पुढची ओळ बघायची. तोंड डोळ्यांच्या मागून जातं." मी म्हटलं, पुढे ओळच नाही, प्रकरण संपतं. काका म्हणाले, "मग अवघड आहे."

तू म्हणतेस तुला कळेल. मला त्याचाच धीर आहे.

धाकटी

२ मे

भावोजी,

हे पत्र तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. हे ताईला वाचून दाखवू नका. दाखवलंत तरी तिला सगळं माहीतच आहे, ती तिथे होती. पण तुम्ही काल तिसऱ्यांदा विचारलंत, त्या गुरुवारी काय झालं, तिचे डोळे का सुजले होते, थेंब बदलायला हवेत का. थेंब बदलू नका.

ती ठकूच्या खोलीत पलंगावर बसली होती. मला म्हणाली, "इथे बस, जवळ." मी पुस्तक उघडलं, तिने उघड्या पुस्तकाचा एक पुठ्ठा स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि दुसरा हात माझ्या गळ्यावर ठेवला. इथे, जिथे आवाज धडधडतो तिथे. म्हणाली, "वाच."

अकरा पानं मी वाचली. मध्ये एकदा अडखळले तर वाक्य पहिल्यापासून घेतलं. भिंगरी मनोऱ्यावर गेली. एकेक जण बाहेर आला. मी ते दोन शब्द वाचले.

तिचा हात गळ्यावर होताच. 

"पुढे?"

"पुढे अर्धं पान कोरं आहे."

"मग ते वाच," ताई म्हणाली.

भावोजी, वीस वर्षांत मी कोरं पान कधी वाचलेलं नाही. यंत्र बंद करून आपण सरळ पुढच्या पानावर जातो. त्या दिवशी मी त्या कोऱ्या जागेवरून डोळे ओळीओळीने खाली नेले, जितका वेळ अर्ध्या पानाला लागतो तितका वेळ. ते वाक्य येईल म्हणून वाट बघत होते. ओठ दाबून धरले होते. नंतर लक्षात आलं की ओठ दाबायची गरज नाहीये. कोणी आलं नव्हतं. खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि खाली रस्त्यावर कोणीतरी मोटारीचं दार आपटलं.

मग ताईने हात काढला आणि विचारलं, "हे वाचलं तेव्हा ठकू कुठे बसली होती?"

"स्वयंपाकघरात. ओट्यावर. फोनमध्ये नळाचा आवाज येत होता."

"मी कुठे होते?"

"घरातच होतीस. बाहेरच्या खोलीत."

"मग तुला का फोन केला? मी दहा पावलांवर होते."

पत्रात मी लिहिलं होतं ना, का ते मला माहीत नाही. भावोजी, ते खोटं होतं. इतकी कबुली देता देता तेवढी एक ओळ मी गाळली होती. तुम्ही मोठ्यांदा वाचाल, ती तुमच्यासमोर ऐकेल, असं वाटलं म्हणून. ठकूने मला कारण सांगितलं होतं. मी तिला विचारलंच होतं, "आईला सांगितलंस का?" आणि ती जे म्हणाली ते मला शब्दन्‌शब्द पाठ होतं.

ताई वाट बघत होती. आता तिचा हात माझ्या गळ्यावर नव्हता. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. तुझी झोपमोड नको म्हणून, असं म्हणता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं. मलाही.

मी सांगितलं, "ती म्हणाली, आईला नको सांगूस. ती हसेल."

  ताईने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बोटं एकमेकांत अडकवून बसली. मला वाटलं, संपलं, आता मी उठून जावं. चप्पल कुठे काढली ते आठवायला लागले.

मग ती म्हणाली, "हसले असते. हसलेच असते गं. काय हे, पुस्तकातल्या पोरीसाठी रडतेस, म्हणाले असते." तिचं तोंड वाकडं झालं. "आणि मग ती चिडली असती. तुला माहीत आहे ती कशी चिडायची. पाय आपटत आली असती आणि म्हणाली असती, हसतेस काय, ऐक आधी. आणि माझ्यापुढे उभं राहून तिने हे सगळंच्या सगळं मला वाचून दाखवलं असतं. रागारागाने. अकराच्या अकरा पानं."

त्यानंतर ती रडली. ठकूसाठी, चार वर्षांत पहिल्यांदा असावी. तुम्हाला माहीत असेल, मला नाही. मी तिला धरलं नाही, कारण तिने धर म्हटलं नव्हतं. शेजारी बसून राहिले.

धाकटी